सुमनच्या वाटचं काम

सुमन दरंदलेला कोणी ‘बिचारी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा एका लग्नात आमच्या जुन्या ऑफिसातले कॅशियर भेटले. पंगतीत शेजारीच बसले होते. जिलबी मोडता मोडता म्हणाले, ती आपल्याकडची पांगळी बिचारी, काय हो तिचं नाव? मी म्हटलं, नाव आठवत नाही आणि बिचारी तेवढं बरं आठवतं तुम्हाला. त्यांनी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवेचनात.

बिचारी म्हणे! एक नंबरची भांडखोर बाई. नाकावर राग, तोंड फटकळ, आणि नखरा तर असा की टेबलाच्या खणात शिक्क्याच्या डबीशेजारी पावडरचा डबा. साडीला ब्लाउज जुळला नाही तर दिवसभर तिचं चित्त ठिकाणावर नसायचं. वय विचारलं की दर वेळी वेगळं सांगायची. बेरजेत हमखास चुकायची आणि चूक दाखवली की माझ्यावरच उखडायची. आमचे चेअरमन बोलता बोलता धोतराचा सोगा कसा वर घेतात याची नक्कल ती कुबडी बाजूला टेकवून, एका हातानं टेबल धरून करायची, आणि हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. अशी होती ती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची गोष्ट. मी तेव्हा नेवाशाला, तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात टायपिस्ट होते. खतं, बियाणं, पेंड आणि रेशनचं धान्य एवढा आमचा पसारा. दगडी इमारत, मागे गोदाम, पुढे पटांगण आणि पटांगणात एक कडुलिंब. ऑफिसात बायका दोनच, मी आणि ही क्लार्क. लहानपणी तापात तिचा डावा पाय गेला होता. काखेत कुबडी घेऊन चालायची. मॅट्रिक झालेली, शेवगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी. हिचं लग्न काही व्हायचं नाही, निदान शिकू तरी दे, म्हणून बापानं शिकवली. बाप गेल्यावर भावाच्या घरात राहिली, आणि तिथून निघून नोकरीला आली.

लोकांची एक गंमत असायची. तिच्याशी बोलायला आले की आवाज चढवायचे आणि एकेक शब्द सुटा करून बोलायचे, ‘बाई, खत, कधी, येणार?’ ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, पाय अधू आहे माझा, कान नाहीत. माणूस ओशाळायचा, आणि तरी पुढचं वाक्य तसंच ओरडून बोलायचा. काहीजण तर तिला सोडून मलाच विचारायचे, यांना चहा चालतो का? मी म्हणायची, मला काय माहीत, त्यांना विचारा. मग ती मुद्दाम सांगायची, दोन कप चालतो.

मोहिनीराजाच्या देवळाकडे जाणाऱ्या बोळात तिनं एक खोली घेतली होती. खोली कसली, एक खिडकी आणि चूल. पण कुलूप तिचं होतं आणि किल्ली कमरेला. रविवारी मी गेले की मला जमिनीवर बसवून स्वतः पिठलं करायची, अर्धं सांडायची, आणि मदतीला उठले की पळी उगारायची. भावाच्या घरी वाईट वागवत होते असं मात्र तिनं कधी म्हटलं नाही. उलट भाऊ जीव लावायचा, वहिनी ताट वाढून आणून द्यायची. फक्त मागच्या पडवीत सकाळी तिच्यापुढे सूप येई आणि संध्याकाळपर्यंत ती गहू, डाळ, शेंगा, काय असेल ते निवडत राही. ते झालं की कोणी म्हणे, राहू दे आता, दमली असशील.

“प्रभाताई,” ती मला एकदा म्हणाली, “आमच्या घरात मला काही कमी नव्हतं. फक्त माझ्यावाचून कोणाचं काही अडत नव्हतं.”

पण नोकरीत ती अजून हंगामी होती. संघात सगळ्यांना आधी हंगामीच घेत, मग संचालक मंडळ बसून ठरवी, कायम करायचं की नाही. कायम झाली तर खोली, किल्ली आणि सांडलेलं पिठलं. नाही झाली तर पडवी. इतका सरळ हिशेब होता आणि तो तिला झोपेतसुद्धा सुटत नव्हता.

आता दोष द्यायचा तर कोणाला द्यावा? आमचं ऑफिस चांगल्या माणसांचं होतं, इथंच सगळं घोडं पेंड खात होतं. कोणी तिला कधी वाईट शब्द बोललं नाही. आमचा शिपाई किसनमामा पन्नाशीचा, देवमाणूस. सुमननं फायलीसाठी हात लांब करावा, तोवर मामांनी ती साहेबांच्या टेबलावर पोचवलेली असायची. तिचा चहा तिच्या आधी तिच्या टेबलावर. गोदामातला साठा तपासणं तिच्या कामात होतं. पण पोत्यांच्या थप्प्यांवर बाई कशी चढेल म्हणून गोदामकीपर परस्पर मोजून तिला आकडे आणून देई. खेड्यांतल्या सोसायट्यांना भेटी द्यायच्या, तर कॅशियर म्हणत, तुमच्या वाटचं मी करून येतो, मला काय, सायकल आहे. बँकेत जायचं, तर ते काम तिसराच कोणी उचले. आमच्याकडे माणुसकी दाखवायची रीतच ही आहे, दुसऱ्याच्या हातातलं काढून घ्यायचं. म्हातारीच्या हातातला हंडा काढून घ्यावा तसं सुमनच्या हातातलं एकेक काम निघत गेलं.

सुरुवातीला ती भांडली. एकदा तर मॅनेजर नवलेसाहेबांच्या खोलीत जाऊन तिनं असा आवाज चढवला की बाहेर खत न्यायला आलेले लोक उठून उभे राहिले. नवलेसाहेब सज्जन माणूस. चष्मा पुसत म्हणाले, बाई, थप्पीवरून पडलात तर मी तुमच्या भावाला काय तोंड दाखवू? झालं, विषय मिटला. वर सगळं ऑफिस दुखावलं. चांगलं करायला जावं तर हे ऐकून घ्यायचं! किसनमामांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. शेवटी सुमननंच जाऊन त्यांच्यापुढे आपली भाकरी ठेवली आणि माफी मागितली. तेव्हापासून ती मूग गिळून बसायला शिकली. मला म्हणाली, हे लोक दुष्ट असते तर किती सोपं झालं असतं.

दसऱ्याला ऑफिसचा फोटो निघायचा. नगरहून फोटोग्राफर आला होता, चेअरमन येणार होते, म्हणून ती मोरपंखी साडी नेसून आली होती. सकाळपासून दहादा मला विचारून झालं, पदर असा घेऊ की तसा. फोटो ठरला पटांगणात, लिंबाखाली. सगळे उतरले. चेअरमनना घाई होती. सुमन पायऱ्या उतरत होती, तर दोघं-तिघं खालून म्हणाले, राहू द्या बाई, कशाला त्रास घेता, तुम्ही वरूनच बघा. आणि फोटो निघाला. अजून तो फोटो संघाच्या भिंतीवर असेल. मागच्या पायरीवर कुबडीचं टोक आणि मोरपंखी काठ तेवढा आलाय त्यात. ती हसली, म्हणाली, बरं झालं, नाहीतरी पदर नीट नव्हता.

मग दुष्काळ पडला. विहिरी खडखडीत झाल्या, प्रवरेच्या वाळूत बायका झरे उकरू लागल्या आणि परदेशातला तो लाल मिलो, ज्वारीसारखा, रेशनला आला. त्याची भाकरी थापता थापता फाटायची, पण तीसुद्धा मिळेना अशी वेळ. संघापुढे पहाटेपासून रांग लागे. अर्धे कर्मचारी खडी फोडण्याच्या कामांवर धान्य पोचवायला जुंपलेले, आणि खिडकीवर बसायला कोणी तयार होईना, कारण तिथं दिवसभर शिव्या खायच्या. तेव्हा ते काम सुमनच्या गळ्यात पडलं. तिला वाटलं, सोनं मिळालं.

पहिल्याच दिवशी तिनं टेबल बाहेर काढायला लावलं, पत्र्याच्या शेडखाली. म्हणाली, त्या भोकातून मला नुसते हात दिसतात, माणसं दिसत नाहीत. कार्ड बघायचं, पावती फाडायची आणि हमालाला वजन सांगायचं, असं काम. बाहेर बसल्यावर तिला रांग दिसली. आंधळा माणूस धक्के खात मागे मागे जात होता. दिवस भरलेली बाई कंबर धरून उभी होती. आमच्याकडे रांगेत दगड ठेवून नंबर धरायची पद्धत जुनीच आहे. धडधाकट लोक दगड ठेवून चहाला जात, आणि ज्यांना उभं राहवत नाही ते बापडे उभे. सुमननं ती पद्धतच उलटी केली. ज्याला उभं राहवत नाही त्यानं रांगेत आपली पिशवी ठेवायची आणि समोर लिंबाखाली, तिच्या नजरेपुढे बसायचं. पिशवीचा नंबर आला की ती हाक मारणार. बाकीच्यांनी उभं राहायचं. दगड बंद.

पहिल्या दिवशी फजिती झाली. बघता बघता सगळ्या गावालाच उभं राहवेना. रांगेत नुसत्या पिशव्या आणि लिंबाखाली जत्रा! हमाल पोट धरून हसले. सुमन रागानं लाल झाली, पण हटली नाही. दुसऱ्या दिवशी एका तरण्या बाईनं पिशवी ठेवली. दिसायला चांगली हातीपायी धड. मागचा गडी गरजला, हिला काय धाड भरलीय? ती बाई खाली बघत राहिली. सुमन त्याला म्हणाली, “मी कोणाला विचारणार न्हाई. माझा पाय दिसतो म्हणून तुमी मला विचारत न्हाई, हिचं दिसत न्हाई म्हणून हिनं सगळ्यांपुढं सांगायचं का?” हळूहळू लोक आपणच लाजले, आणि पिशव्या राहिल्या त्या ज्यांच्या राहायला हव्या त्यांच्याच. थोडी लबाडी चालायची, नाही असं नाही. पण त्या आंधळ्या माणसाला कोणी ढकललं नाही.

त्या दिवसांत ती घामानं निथळायची, पावत्यांची बेरीज चुकायची, घसा बसायचा, पावडरचा डबा खणात तसाच पडून. आणि इतकी आनंदात मी तिला आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

त्याच हंगामात संचालक मंडळाची बैठक लागली आणि विषयांत सुमनला कायम करायचं आलं. इतिवृत्त लिहायला मी खोलीत होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. सुमन बाहेर बाकावर होती. विषय निघाला तेव्हा नवलेसाहेब तिच्याबद्दल चांगलंच बोलले. मुलगी प्रामाणिक आहे, वेळेवर येते. चेअरमननी विचारलं, काम काय काय करते? साहेब अडखळले. साठा तपासणी? ती गोदामकीपर करतात. सोसायट्यांच्या भेटी? कॅशियर जातात. बँक? तेही दुसरेच बघतात. खरं तेच सांगत होते बिचारे. मी वहीतून मान वर करून म्हटलं, साहेब, रेशनचं काम दुष्काळभर तिनंच सांभाळलंय. चेअरमन म्हणाले, बाई, तुम्ही लिहा. एका संचालकांच्या गड्याला पिशव्यांच्या मागे उभं राहावं लागलं होतं. ते म्हणाले, ते काय, दुष्काळ संपला की रेशनची गर्दीही संपेल.

तेवढ्यात किसनमामा चहा घेऊन आले. चेअरमन त्यांना जुने ओळखायचे. म्हणाले, किसन, तू सांग रे, या दरंदले बाईचं कसं काय आहे? मामांचा चेहरा फुलला. सुमनचं भलं करायची संधी चालून आली होती. ट्रे खाली ठेवून, हात जोडून ते म्हणाले, “लई गुणाची पोर हाय, मालक. आमी तिला कायबी करू देत न्हाई. फुलावानी ठिवलंय. जागंवरनं उठायची येळ येऊ देत न्हाई तिच्यावर.”

खोलीत सगळे मऊ झाले. चेअरमननी मान डोलावली. इतकी चांगली माणसं आहेत आपल्या संघात, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. आणि मग ठरलं, की ज्या जागेवर कामच होत नाही ती जागा कायम कशी करणार? महिनाअखेर तिला मोकळं करावं. पण पोरगी अपंग आहे, वाऱ्यावर सोडू नये, म्हणून धर्मादाय फंडातून तिला दरमहा काही मदत घरपोच करावी. एकमतानं मंजूर. हे वाक्य मला लिहावं लागलं. लिहिताना निब इतकी दाबली की कागद फाटला.

सुमनला आत बोलावलं. चेअरमन स्वतः उठले, खुर्ची पुढे केली. ती उभीच राहिली. त्यांनी अगदी मुलीला सांगावं तसं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, त्या मदतीसाठी मला काय करावं लागेल? चेअरमन हसले. काही नाही बाई, घरी बसून खायचं.

“माझं काम तुम्हीच माझ्या हातातून काढून घेतलं,” ती म्हणाली, “आणि आता म्हणताय, ही काम करत नाही. एक महिना द्या मला. माझं सगळं काम मी करीन. पडले तर पडेन. पण एक महिना कोणी मला मदत करायची नाही, असा ठराव करा.”

नवलेसाहेब चष्मा पुसू लागले. एक संचालक कळवळून म्हणाले, अहो, असं निर्दयी कसं वागायचं आम्ही? चेअरमननी पुढचा विषय घ्यायला सांगितलं. पेंडीच्या भावाचा होता.

मदतीचा कागद तिनं घेतला नाही. महिनाअखेरपर्यंत शेडखालचं टेबल चालवलं, आणि तिच्या मागे त्या टेबलावर जो बसला त्यानं पहिल्याच आठवड्यात ते परत आत नेलं. खोलीची किल्ली तिनं घरमालकिणीला दिली तेव्हा मी बरोबर होते. नोकरी दुसरीकडे बघू, म्हणून मी चार ठिकाणी शब्द टाकला होता. सगळीकडून एकच उत्तर, मुलगी चांगली असेल हो, पण आम्हाला काम करणारं माणूस पाहिजे.

जायच्या दिवशी स्टँडवर मी आणि किसनमामा दोघंच होतो. मामा तिची वळकटी घेऊन आले होते. शेवगावची गाडी लागली. ती चढायला लागली तसे मामा सवयीनं पुढे झाले. तिनं मागे वळून नुसतं पाहिलं, तर ते जागीच थांबले. तिला वेळ लागला. कंडक्टर कुरकुरला, त्याला मी असं झापलं की त्यानं खिशातून बिडी काढली. ती आत गेली, खिडकीशी बसली, हात बाहेर काढून तिनं वळकटी मागितली. मामांनी ती वर दिली आणि खिडकीचा गज धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बैठकीत काय झालं ते त्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं, आणि काहीतरी चुकलंय हे मात्र त्यांना आतून टोचत होतं.

“सुमनबाई,” ते म्हणाले, “म्या त्या दिशी सायबापुढं बोललो. माझ्या बोलन्यानं तर न्हाई ना काय वाईट झालं?”

मी तिच्याकडे पाहिलं. मामा बैठकीत काय बोलले ते मी तिला त्याच रात्री सांगितलं होतं. खरं सांगायचा तिला हक्क होता आणि तोंडही होतं. आयुष्यात कोणाचं एक ऐकून न घेतलेली बाई.

“नाही मामा,” ती म्हणाली. “तुम्ही चांगलंच बोललात. तुमच्यासारखं माझ्यासाठी कोणी बोललं नाही.”

मामांचा जीव भांड्यात पडला. गज सोडून त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि गाडी हलली तसे उपरण्यानं डोळे पुसत मला म्हणाले, बगा, राग न्हाई तिच्या मनात. तिनं तोपर्यंत मान समोर वळवली होती. गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत तिचा चेहरा मला दिसत होता. मामांना दिसला नाही. ते अजून डोळेच पुसत होते.